सोलापुरी चादरीचा लाल रंग फोटोत सपाट येतो, वीण दिसत नाही

चादरवाला:
नमस्कार. सोलापुरात आमचे जॅकार्ड चादरींचे दुकान आहे आणि ऑनलाइन विक्रीसाठीचे फोटो मीच काढून फोटोशॉपमध्ये दुरुस्त करतो. निळ्या-हिरव्या चादरी ठीक येतात. अडचण आहे ती लालभडक आणि राणी रंगाची. प्रत्यक्षात मोराच्या नक्षीचा उठाव स्पष्ट दिसतो, पण फोटोत तेवढा भाग रंग ओतल्यासारखा सपाट होतो आणि उजेड थोडा वाढवला की लाल रंग केशरीकडे झुकतो. सॅच्युरेशन आणि कॉन्ट्रास्ट वाढवूनही वीण परत येत नाही. गिऱ्हाईक रंग पाहूनच चादर मागवते, म्हणून फोटो खरा दिसावा एवढीच इच्छा आहे. काय करावे?

रंगछटा:
आपण जे वर्णन केले आहे ते लाल चॅनेल (फोटोतील लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगथरांपैकी एक) भरून गेल्याचे लक्षण आहे. आठ बिटच्या फोटोत प्रत्येक चॅनेलला 0 ते 255 एवढ्याच पायऱ्या असतात. गडद लाल कापडावर हिरवा आणि निळा चॅनेल खालीच राहतात, त्यामुळे एकूण उजेड योग्य वाटतो. मात्र लाल चॅनेल तोवर 255 वर जाऊन अडकलेला असतो. धाग्याचा उंच भाग आणि खोलगट भाग दोन्ही 255 झाले, की वीण उरणार कुठून? पुढे उजेड वाढवला तर लाल जागचा हलत नाही, फक्त हिरवा वाढतो, आणि लालात हिरवा मिसळला की केशरी दिसणारच. सॅच्युरेशन वाढवणे म्हणजे याच आजाराला खतपाणी घालणे आहे.

हिस्टोग्राम (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) एकत्रित न पाहता लाल चॅनेलचा वेगळा पाहावा. फोटो रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी ठेवून काढावा आणि रॉ उघडताना फक्त लाल रंगाचे सॅच्युरेशन थोडे उतरवावे. जुन्या जेपेगमध्ये हिरव्या चॅनेलात वीण बहुधा शाबूत असते. तो चॅनेल कॉपी करून वर नवा लेअर म्हणून चिकटवावा, ब्लेंड मोड (लेअर खालच्या फोटोत मिसळण्याची पद्धत) ल्युमिनॉसिटी, म्हणजे फक्त उजेड-अंधार घेणारा, ठेवावा, अपारदर्शकता अगदी कमी ठेवावी आणि मास्कने (लेअरचा नको तो भाग झाकून) तो लाल भागापुरताच राखावा. रंग किंचित गडद होईल, पण मोराची पिसे पुन्हा मोजता येतील.

उत्तर कसबा:
वरील उत्तराशी सहमत आहे. दुकानातील ट्यूबलाइट आणि दारातून येणारे ऊन एकत्र असेल, तर एकाच चादरीच्या दोन टोकांना दोन रंग येतात आणि व्हाइट बॅलन्सचा (पांढरा पांढराच दिसावा यासाठीच्या रंगदुरुस्तीचा) एकच आकडा दोघांना लागू पडत नाही. दिवे बंद करून केवळ सावलीतल्या उजेडात फोटो काढावा आणि पहिल्या फोटोत चादरीवर ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचे राखाडी कार्ड) ठेवावे.

चादरवाला:
दोघांचेही आभार. लाल चॅनेल खरोखरच उजव्या कडेला चिकटलेला निघाला. आणखी एक विचारतो: कर्व्ह्जने (उजेड-अंधार बदलणाऱ्या वक्ररेषेच्या साधनाने) कॉन्ट्रास्ट दिला की रंग आपोआप भडक होतो, आणि घडीखाली ड्रॉप शॅडो दिली की चादर हवेत तरंगल्यासारखी दिसते.

रंगछटा:
कर्व्ह्जचा अॅडजस्टमेंट लेअर ल्युमिनॉसिटी मोडवर टाकावा; मग उजेड-अंधार बदलतो, रंगछटा जवळपास तशीच राहते. तयार ड्रॉप शॅडो सगळीकडे सारखीच मऊ असते, खरी सावली मात्र कापड टेकते तिथे दाट आणि धारदार असते व दूर जाताना विरते. म्हणून मल्टिप्लाय (खालचा भाग गडद करणाऱ्या) मोडवर दोन लेअर करावेत: एक घडीला चिकटून अरुंद, दुसरा पसरट आणि फिका. शेवटी फाइल एसआरजीबीमध्ये (वेब आणि मोबाइलवर सर्रास वापरली जाणारी रंगप्रणाली) रूपांतरित करून प्रोफाइलसह (कोणती रंगप्रणाली आहे हे सांगणारी नोंद) जतन करावी. अॅडोबी आरजीबी या अधिक विस्तृत रंगप्रणालीतली फाइल प्रोफाइलशिवाय चढवली, तर तीच चादर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर विटकी दिसते.