बोसा नोव्हा: गायक मात्रा चुकतो की माझाच कान?

चोपड्याचा केळीवाला
या आठवड्यात लाइट रात्रीची आहे. बाराला मोटर टाकायची आणि बांधावर बसायचं. वेळ जावा म्हणून फोनवर बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझीलचं हळुवार गिटारगाणं, लावलं; गायक जोआओ जिल्बेर्तो. शेजारी बसून कानात बोलावं तसा गातो. पण गिटार एकीकडे, हा दुसरीकडे! मी भजनात पेटी वाजवतो. आमच्यात सम हुकली की पखवाजवाला डोळे वटारतो, याला कोणी बोलत नाही का? आणि शब्दांत सारखं ‘जी, जी’ काय आहे? शाहिराच्या मागचे झीलकरी आठवतात.

भुसावळकर
नाही भाऊ, चुकत नाही तो. अंगठा ऐका. जाड तारांवर ठोका सोडत नाही, सांबा या ब्राझीलच्या नाचगाण्यातल्या सुर्दो ढोलाचं काम तो करतो. बाकीची बोटं मात्रांच्या मधल्या जागा पकडतात. गाणं मागेपुढे सरकतं आणि ओळ संपता संपता बरोबर घरी येतं.

धुळ्याची माहेरवाशीण
‘जी’ म्हणजे पोर्तुगीजमधला ‘दे’, आपला चा-ची-चे. रिओकडे असा ‘दे’ ‘दी’सारखा म्हणतात, आणि ‘द’ला ‘इ’ लागला की ‘ज’ होतो. त्यामुळे १९५८ चं ‘शेगा दे सौदादे’ हे गाणं तिकडे ‘शेगा जी साउदाजी’. शेगा म्हणजे पुरे. आणि सौदादे काय ते आखाजीला माहेरी जायला न मिळालेल्या लेकीला विचारा. तसं पाव, चावी, पगार हे आपले शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेले.

जळगावचा पेटीवाला
खरी गंमत हार्मनीत, म्हणजे गाण्याखाली वाजणाऱ्या सुरांच्या मेळात आहे. बोसा नोव्हाचा संगीतकार जोबीम, त्याचा ‘एका सुराचा सांबा’ ऐका. मग पेटीवर पांढरी दोन दाबून ठेवा आणि खाली क्रमाने पांढरी सात, काळी पाच, पांढरी सहा, काळी चार लावा. खालच्याला सा माना. वरचा सूर तोच, पण आधी कोमल गंधार, मग शुद्ध गंधार, मग शुद्ध मध्यम, शेवटी तीव्र मध्यम! आपल्याकडे सा थांबतो आणि सूर फिरतात. इथे सूर थांबतो, खालची जमीन सरकते. कॉर्डमधल्या, म्हणजे एकत्र दाबायच्या सुरांमधल्या, बाकीच्या सुरांचं नंतर बघू.

चोपड्याचा केळीवाला
काल पेटी मळ्यातच नेली. एका हाताने भाता, दुसऱ्याची दोनच बोटं. तीव्र मध्यमाशी आलो की परत पांढरी सातवर उडी, असं अर्धा तास. शेवटी शेजारच्या वावरातून हाक आली, “काय भो, पेटी अडकनी का?”