पोरांच्या हातात पहिला पेला कोण देतं? गोव्यातल्या पालकांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती, पर्वरी

माझा मुलगा यंदा बारावीत आहे. शाळेत दरवर्षी व्यसनमुक्तीचं व्याख्यान होतं. काळ्या पडलेल्या फुप्फुसांची चित्रं बघून मुलं घरी येतात आणि त्याच आठवड्यात कुणाच्या तरी मुंजीला गेली की मांडवामागे गाडीची डिकी उघडून बसलेले काका-मामा त्यांना दिसतात. मुलांना नादी लावणारा कुणीतरी परका, किनाऱ्यावरचा पार्टीवाला असणार, असं आपण धरून चालतो. माझ्या पाहण्यात तरी पहिला घोट देणारा नात्यातला नाहीतर वाड्यावरचाच निघतो. तुमच्या घरात हा प्रश्न कुठून शिरला आणि तुम्ही काय केलंत, ते लिहा. उपदेश नकोत, ते व्हॉट्सॲपवर रोज येतात.

काजूवाला, सत्तरी

आमची काजूची दारू गाळायची भट्टी आजोबांपासूनची. मार्च ते मे घरादाराला काजूच्या बोंडूंचा वास आणि ओटीवर हुर्राकाचे, म्हणजे पहिल्या धारेच्या दारूचे कॅन. ‘घरात दारू ठेवू नका’ हा सल्ला मला देऊन उपयोग नाही, आमचं पोट त्यावर आहे. मुलं बोंडू वेचायला येतात, सकाळचा ताजा निरो, म्हणजे बोंडूंचा रस, पितात. दुपारपर्यंत तो आंबायला लागतो हेही त्यांना ठाऊक आहे. पण भाणाजवळ, म्हणजे दारू गाळायच्या भांड्याजवळ, त्यांनी यायचं नाही आणि हुर्राक कसा उतरला ते चाखायचं काम मोठ्यांचंच. ‘जरा बघ रे कसा झालाय’ असं पोराला कधी म्हणायचं नाही, हा माझ्या वडिलांचा दंडक, तो मी पुढे चालवला.

खरा त्रास गिऱ्हाइकांचा. “भट्टीवाल्याचा पूत आणि घेत नाही?” असं कौतुकाने म्हणतात आणि पेला पुढे करतात. तिथे मी मध्ये पडतो. वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत अडवायला जड जातं, पण एकदा अडवला की तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. आणि पोरांना मी उधारीची वही दाखवतो. कुणाच्या नावावर रक्कम कशी चढत गेली, शेवटी त्याची बायको येऊन काय बोलून गेली, सगळं सांगतो. फेणीला २००९ साली जीआय मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे, पण म्हणून वहीतली ती पानं लपवायची का?

फोंड्याची आई

आमच्याकडे रोज संध्याकाळी एक पेग. ‘बर्फ आण, सोडा आण, कोपऱ्यावरच्या गाड्यावरून सिगरेट आण’ ही कामं धाकट्याची. ती मी बंद केली. ज्याला प्यायचं त्याने उठून आणावं. नवरा आठवडाभर फुगून बसला, मग उठायला लागला.

बावीस वर्षांचा

मोठ्यांमध्ये बोलतोय, राग मानू नका. जत्रेच्या नाटकाच्या तालमी रात्री चालायच्या, तिथे मी सोळाव्या वर्षी पहिली बिअर घेतली. देणारा आमचा दिग्दर्शक, नात्याने चुलतभाऊच. कुणी जबरदस्ती केली नाही. मला मोठी भूमिका मिळाली होती, म्हणून तो मान होता. ‘मित्रांना नाही म्हणायला शिक’ असं तुम्ही सांगता, पण मान देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं ते कुणी शिकवत नाही.

दुसरी गोष्ट वाहनाची. रात्री आपल्याकडे बस नसते. कळंगुटला किंवा म्हापशाला गेलेला पोरगा परतणार तो मित्राच्या स्कूटरवर, आणि मित्र प्यालेला. पप्पांनी मला सांगून ठेवलं होतं, “कितीही वाजू देत, फोन कर. रात्री न्यायला येईन, जे काय विचारायचं ते सकाळी विचारीन.” ते खरोखर आले आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. सकाळी मात्र भरपूर बोलले. पण त्यानंतर मी त्यांच्याशी खोटं बोलायचं सोडलं, कारण गरजच उरली नाही.

आरोग्यसेविका, डिचोली

तंबाखूचं लिहिते, कारण त्यात आपण गाफील आहोत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमधलं तंबाखूसेवन देशात सर्वांत कमी गोव्यात होतं, ९.७ टक्के. गुटख्यावर बंदी घालण्यातही गोवा इतर बऱ्याच राज्यांच्या आधी होता. म्हणून पालकांना वाटतं, हा आपला प्रश्नच नव्हे. पण पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची एक, दोन्ही शेजारी टांगलेल्या असतात. पोरगा त्या तोंडात एकत्र करतो, झाला गुटखा. गोड सुपारी तर आपणच लग्नात मुलांपुढे करतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी. मुलाला सहज आ करायला सांगा. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तिखट लागून तोंड भाजत असेल, तर दाताच्या डॉक्टरला दाखवा.

व्हेपवर, म्हणजे ई-सिगरेटवर, देशभर २०१९ पासून बंदी आहे. तरी मुलांकडे सापडतो आणि दिसतो पेन ड्राइव्हसारखा. धुराचा वास येत नाही, आंबा-पुदिन्याचा येतो. आतलं निकोटीन तेच. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला आणि अठराच्या आतल्याला कुठेही विकायला कायद्याने मनाई आहे. एकटीने दुकानदाराशी भांडू नका, पालक-शिक्षक संघाच्या नावाने लेखी द्या.

वास्कोचा बाप

माझं मत थोडं वेगळं आहे. सणाला घरात, आपल्या डोळ्यांदेखत अर्धा ग्लास बिअर दिली तर पोराचं कुतूहल मिटतं. पोर्तुगीज काळापासून जेवणाबरोबर वाइन घेणारी घरं इथे आहेत, ती सगळी काही बेवडी झाली नाहीत.

आरोग्यसेविका, डिचोली

बाब, हे मला फार जण सांगतात, आणि ऐकायला पटतंही. पण ऑस्ट्रेलियात हजारांहून जास्त मुलांना सहा वर्षं पाहून केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांनी दिलेल्या दारूने मुलांचं संरक्षण होतं, असं त्यात कुठेच दिसलं नाही. उलट पुढे बाहेरून दारू मिळवण्याची शक्यता वाढलेली दिसली. शिवाय २०१५ च्या बालन्याय कायद्याचं ७७ वं कलम वाचा. अठराच्या आतल्या मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. देणारा काका असला तर सूट, असं त्यात नाही.

पेडण्याचा मामा

दिवाळीत वाड्यावर नरकासुराचा पुतळा करतात, त्या रात्रीचा विषय कुणीच कसा काढला नाही? वर्गणी वाड्याची, काम पोरांचं, आणि मध्यरात्रीनंतर कुठूनतरी बिअरचा क्रेट येतो. दहावी-बारावीची पोरं तिथेच असतात. आम्ही वर्गणीचा हिशोब देवळाच्या फलकावर लावायला घेतला. क्रेट कुठल्या खात्यात लिहायचा हेच कुणाला सुचेना. रात्री बायका पावभाजी करतात आणि दोघे बापे पाळीने पोरांबरोबर कागद चिकटवत बसतात, पाहऱ्याला म्हणून नाही, कामाला म्हणून. मोठी पोरं चोरून घेतात अजून, ते मी नाकारत नाही. पण लहानांच्या हातात द्यायला आता लाजतात. पहाटे दहन झालं की सगळी शुद्धीत फोव (पोहे) खायला घरी.

नाव नको, मडगाव

माझ्या मुलाचं दारूवरून गांजावर गेलं. मार्क घसरले म्हणून कळलं नाही, ते बरेच होते. फुटबॉल सोडला, दुपारपर्यंत झोपायला लागला, माझ्या पर्समधले पैसे जायला लागले, तेव्हा कळलं. नातेवाईक म्हणाले, डॉक्टरकडे नेलंस तर पोलिसांत जाईल. या भीतीत महिने गेले. नंतर समजलं की अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच ६४-अ कलम आहे. थोड्या मात्रेत, स्वतःच्या सेवनासाठी बाळगणारा व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

बांबोळीच्या मनोरुग्णालयात, म्हणजे आयपीएचबीत गेलो. डॉक्टर आधी त्याच्याशी एकट्याशी बोलले, मला बाहेर बसवलं. मग आम्हा तिघांना बोलावलं, तेव्हा मुलाने पहिली अट घातली ती बापाला, कपाटातली बाटली काढा. ती निघाली. मुलगा अजून अधूनमधून डळमळतो, सुटला असं मी म्हणणार नाही.

धागाकर्ती, पर्वरी

ताई, आधी फोन करून विचारता येतं का? आणि मुलगा यायलाच तयार नसेल तर?

नाव नको, मडगाव

१४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे आईवडीलही बोलू शकतात. मानसिक त्रासासाठी १४४१६, टेलिमानस. नेताना ‘पणजीला कपडे घ्यायला जाऊया’ असली थाप मारू नका, कुठे नेतोय ते सांगूनच न्या. आमचा एकदा अर्ध्या वाटेवरून उतरून परत गेला होता. तो येत नव्हता तेव्हा मी एकटीच जाऊन बसले, घरात त्याच्याशी कसं बोलायचं ते विचारून आले. पुढच्या खेपेला तो आपणहून गाडीत बसला, मात्र खिडकीकडे तोंड करून.