चंदन आणि देवदार यातला फरक न कळणाऱ्याला धंद्यासाठी पैसे द्यावेत का?

रेडिंगची_वहिनी

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण त्यावरून आमच्या घरात दोन दिवस वाद चाललाय, म्हणून इथे टाकतेय.

सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी इथे इंग्लंडात आल्यात. बाहेर पाऊस आणि चारलाच अंधार, त्यामुळे संध्याकाळी त्यांना दाखवायचं काय हा प्रश्न पडतो. मराठी मालिका त्यांच्या त्या फोनवर बघतात. मी बीबीसीवरच्या ‘द अप्रेंटिस’चे जुने भाग लावते आणि त्यांच्यासाठी तोंडी भाषांतर करते. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. २००५ पासून चालू आहे. लॉर्ड शुगर म्हणून एक खडूस उद्योगपती समोर बसतो. सुटाबुटातली पंधरा-सोळा पोरं-पोरी दर आठवड्याला काहीतरी विकतात, आणि हरलेल्या टीममधल्या एकाला तो बोट रोखून ‘यू आर फायर्ड’ म्हणतो. आधी जिंकणाऱ्याला त्याच्याकडे नोकरी मिळायची, २०११ पासून धंद्यासाठी अडीच लाख पौंडांचं भांडवल मिळतं.

तर २००९ चा एक भाग. साबण वगैरे अंगाला लावायच्या वस्तू बनवून विकायच्या होत्या. एका टीमला त्यात सीडरवुडचं तेल घालायचं होतं. सीडर म्हणजे आपल्या देवदाराच्या भावकीतलं झाड, तेल स्वस्त. यांनी हिशोब सीडरचा केला आणि मालात ओतलं सॅंडलवुड, म्हणजे चंदन! काही पौंडांत होणारं काम शेकडो पौंडांवर गेलं. चूक कळेपर्यंत माल तयार होता.

सासूबाईंना भाषांतर करून सांगितलं तर त्या आधी गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, “अगं, ह्यांना नाकं नाहीत का काय?” आणि उठून देवघरातून सहाण आणि खोड घेऊन आल्या. (हो, सहाण सांगलीहून आणलीय. २३ किलोच्या बॅगेत दगड. त्यावर वेगळा धागा निघेल.) दोन थेंब पाणी टाकून चार वळसे उगाळलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. “हे आणि कपाटातल्या फळीचा वास, यात घोळ होईल?”

त्यानंतर आम्हाला नादच लागला. २०११ च्या सीझनमध्ये फास्ट फूडचं दुकान काढायचं काम होतं. एका टीमने आपल्या मेक्सिकन दुकानाचं नाव ठेवलं काराकास. काराकास ही व्हेनेझुएलाची राजधानी! दुसऱ्या टीमने पाय (pie, सारण भरून भाजतात तो इंग्रजी पदार्थ) विकायला काढले, थोर ब्रिटिशांची नावं देऊन, आणि त्यात एक कोलंबस. जिनोआचा माणूस, स्पेनच्या पैशाने निघालेला. बटाट्याचा संबंध जोडून त्याला यात बसवला होता. त्याच वर्षी पॅरिसला माल विकायला जायचं होतं, तेव्हा एका मुलीने गंभीर चेहऱ्याने विचारलं की फ्रेंच लोकांना आपली मुलं आवडतात का. आणि तिथे लोक गाड्या चालवतात का.

नवऱ्याचं म्हणणं (तो एमबीए आहे, हे तो विसरू देत नाही): धंद्याला सामान्यज्ञान लागत नाही, विकता आलं पाहिजे. माझं म्हणणं, ज्याला काराकास कुठे आहे ते माहीत नाही त्याला मी पाच पौंडसुद्धा देणार नाही. सासूबाई दोघांच्याही बाजूने नाहीत.

तुम्हाला काय वाटतं? ही माणसं खरंच अशी असतात, की आपल्याला हसवायला निवडलेली असतात?

टवाळ_पुणेकर

माझ्या ऑफिसात चला. पगार यांच्याहून कमी आणि ज्ञान तेवढंच.

बाकी सहाणेच्या धाग्याची वाट बघतोय.

कॅमेऱ्यामागे

मी मुंबईत रिॲलिटी शोच्या एडिटिंगला होतो, त्या शोच्या नाही, पण जात एकच. वहिनी, एका तासाच्या भागामागे कितीतरी तासांचं शूटिंग असतं. त्यात माणूस दहा प्रश्न विचारतो, नऊ शहाण्यासारखे. आम्ही दहावा ठेवतो. शिवाय या शोमध्ये पहाटे फोन वाजवून उठवतात, अर्ध्या तासात दारात गाडी, आणि कामाच्या वेळी इंटरनेट बंद. तुम्ही-आम्ही काराकास लगेच फोनवर शोधून शहाणे होतो. ती सोय काढून घेतली की किती जण उरतात बघा.

चंदनाचा प्रकार मात्र एडिटिंगने करता येत नाही. तेल ओतलं म्हणजे ओतलं.

काष्ठौषधीवाला

वहिनी, तुमचा धागा वाचला आणि घाम फुटला, कारण मी ही चूक केलेली आहे. कॅमेरा नव्हता एवढंच नशीब.

आमचं वडिलोपार्जित दुकान, काष्ठौषधी आणि पूजासाहित्य. कॉलेज संपवून मी गादीवर बसायला लागलो तेव्हाची गोष्ट. बाबा आठ दिवस गावी गेले होते. एका लोणचेवाल्या बाईंची ऑर्डर आली, कांद्याचं बी पाच किलो. दुकानातलं संपलेलं. मी हुशार, बाबांना फोन करायला कमीपणा वाटला. सरळ बियाणांच्या दुकानात गेलो आणि कांद्याचं बी द्या म्हटलं. त्यांनी दिलं. भाव ऐकून आत जरा चर्र झालं, नेहमीच्या पाच-सहापट. पण मला वाटलं, बाजार चढला असेल. बी काळंच होतं. बाईंनी पिशवी उघडून हुंगली, चिमूटभर हातावर घेतलं आणि म्हणाल्या, “दादा, हे पेरायचंय का खायचंय?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लोणच्यात, नानवर जे घालतात ते कलौंजी. तिचा कांद्याशी काही संबंध नाही, वेगळंच झाड, निळी-पांढरी फुलं येतात. दिसायला बी कांद्याच्या बियासारखं, म्हणून आपल्याकडे तेच नाव पडलं. मी आणलं ते खरं कांद्याचं बी, शेतात टाकायचं. बरं, पेरणीच्या बियाण्याला बऱ्याचदा औषध चोळलेलं असतं. ते कुणाच्या लोणच्यात गेलं असतं तर? बाबा परत आल्यावर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, “भाव ऐकल्यावर तरी थांबायचं होतंस.” पाच किलो बी पुढे वर्षभर ओळखीच्या शेतकऱ्यांना वाटत होतो.

आता चंदनाकडे. चंदन महाग का, हे माहीत असतं तर ती टीम थांबली असती. चंदनाचं झाड अर्धं परोपजीवी असतं. स्वतःच्या मुळांनी शेजारच्या झाडाची मुळं पकडून त्यातून अन्न घेतं, एकटं लावलं तर नीट वाढत नाही. वास असतो तो फक्त आतल्या गाभ्यात आणि मुळात. तो गाभा भरायला दशकं लागतात. मग त्याचा भुगा करून वाफेवर तेल काढतात. म्हैसूरला त्याचा सरकारी कारखाना १९१६ पासून आहे. देवदार-सीडरचं तसं नाही. झाड प्रचंड, फर्निचरचा भुसासुद्धा चालतो. दोन्ही लाकडाचीच तेलं, दोन्ही पिवळट. पण एक सोनाराच्या काट्यावर तोलायचं आणि दुसरं रॉकेलच्या मापाने.

माझ्यापुरतं सांगतो, काराकास कुठे आहे ते मलाही आत्ता कळलं. त्यावरून मला पाच पौंड नाकारू नका. पण हातातल्या मालाचा भाव आणि वास ज्याला खटकत नाही, त्याला मी उधारीवर हळकुंडसुद्धा देणार नाही.

रेडिंगची_वहिनी

दादा, “हे पेरायचंय का खायचंय” सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले.

पण नवऱ्याला तुम्ही आयतं कोलीत दिलंत. आणि आता तो म्हणतो, चंदनाच्या घोळातली एक मुलगी तो सीझन जिंकली. खरं आहे. शिवाय फ्रेंच लोकांना मुलं आवडतात का असं विचारणारीची टीम पॅरिसमध्ये जिंकली, आणि तेही मुलांचीच वस्तू विकून! पाठीवरची बॅग उघडली की गाडीत लहान मुलाला बसायची सीट होते, असं काहीतरी होतं. दुसऱ्या टीममधल्या एकाला ती वस्तू मनापासून हवी होती, पण त्यांच्यातल्या एकीने पॅरिसमध्ये चौकशी करून लोकांना नको आहे म्हणून सांगितलं. म्हणजे जिने प्रश्न विचारला तिला वेडी ठरवलं आणि जिला उत्तर माहीत होतं ती हरली. आता याला काय म्हणायचं?

शनिवार_तेली

मी बेरशेबाहून लिहिते आहे, इस्राएलमधून. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागच्या इस्राएल आळीतले. मराठी वाचते रोज, लिहायचा आळस. पण या कार्यक्रमाचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही.

२००८ चा भाग पाहिलात का, मोरोक्कोमधला? माराकेशच्या बाजारात यादीतल्या वस्तू कमीत कमी पैशांत आणायच्या होत्या. यादीत एक कोशर कोंबडी होती, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे कापलेली. दोघं जण गेले मुसलमान खाटकाकडे आणि त्यालाच म्हणाले, यावर दुवा म्हण. त्या दोघांतला एक स्वतःला ज्यू म्हणवत होता! आणि निकाल द्यायला समोर बसलेला शुगर, तोही ज्यू. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. माराकेशमध्ये ज्यूंचा जुना मोहल्ला आहे, मेल्लाह म्हणतात. कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आमच्या आजीकडे कोंबडी कापायला हज्जान यायचे. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायचे तेच. सुरी आधी नखावर फिरवून बघायचे, जराही खांडा लागला तर ती सुरी बाजूला. मग कोंबडी अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, रक्त निथळेपर्यंत. आम्हा पोरांना ते मीठ धुवायचं काम. मटणात दही-दूध नाही, म्हणून कालवण नारळाच्या दुधातलं. यात दुवा म्हणून काम भागेल असं कुठे काहीच नाही.

शेजारच्या आगरी, कोळी बायकांनासुद्धा हे सगळं ठाऊक होतं. शिकलेल्या कुणी नव्हत्या. शनिवारी, आमच्या सुट्टीच्या पवित्र दिवशी, आमच्याकडे तेलाचा घाणा बंद, चूल बंद, हे त्यांना आमच्याआधी आठवायचं. मला राग त्या मुलांना माहीत नव्हतं याचा नाही आला. माहीत नसताना इतक्या आत्मविश्वासाने सांगत होते त्याचा आला.

टवाळ_पुणेकर

मावशी, नियमित लिहा हो. माझा प्रतिसाद काढून टाकावासा वाटतोय.

रेडिंगची_वहिनी

मावशी, मनापासून आभार. हा भाग आज रात्री लावणार.

कालचा वृत्तांत देते आणि थांबते. इथल्या दुकानातून सीडरवुड तेलाची छोटी बाटली आणली. एका कापसाच्या बोळ्यावर ते, दुसऱ्यावर सासूबाईंचं उगाळलेलं चंदन. नवऱ्याचे डोळे ओढणीने बांधले. एमबीएसाहेबांनी दोन्ही हुंगले, विचार केला आणि सीडरला चंदन ठरवलं. वर “प्रीमियम वाटतंय” असंही म्हणाले. सासूबाईंनी काही न बोलता उरलेलं गंध त्याच्या कपाळाला लावलं.

त्या विजयात होत्या तेवढ्यात मला दादांची कलौंजी आठवली. मसाल्याच्या कपाटात गेले. मागच्या फेरीत सासूबाईंनी सगळ्या बरण्यांवर स्वतः चिठ्ठ्या चिकटवल्यात, सुवाच्य अक्षरात. तिसऱ्या बरणीवर लिहिलंय: कांद्याचं बी. बरणी त्यांच्यासमोर ठेवली आणि दादांचा प्रतिसाद पुन्हा वाचून दाखवला, या वेळी झाडाचा भागही. त्यांनी झाकण काढून हुंगलं. मग माझ्याकडे संशयाने बघून म्हणाल्या, “मग चाळीस वर्षं मी लोणच्यात काय घालत होते?”

आज चिठ्ठी तशीच आहे. काढायची नाही असं सांगितलंय.