अमेरिकेतली छोटी लिबरल आर्ट्स (कला-विज्ञान दोन्हींचं पदवीशिक्षण देणारी) कॉलेजं: निवड कशी करावी?

प्रश्न: मुलीला गणित घ्यायचंय. यादीत अ‍ॅमहर्स्ट, कार्लटन, ग्रिनेल. आर्थिक मदत लागेलच. काय तपासावं?

उत्तर १: आधी पैशांचंच बघा. अ‍ॅमहर्स्ट परदेशी अर्जदारांचाही प्रवेश ऐपत न पाहता ठरवतं. प्रत्येक कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’ (ठरावीक नमुन्यात जाहीर केलेली आकडेवारी) उघडा: त्यातल्या एच६ या भागामध्ये परदेशी विद्यार्थ्यांची सरासरी मदत, आय३मध्ये वर्गांचा आकार. ‘अर्ली डिसिजन’ (एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज; निवड झाली की तिथेच जायचं) बंधनकारक असतं, मग इतरांच्या मदतीशी तुलना करायला वावच उरत नाही.

उत्तर २: माहितीपुस्तिकेतल्या विषययादीवर जाऊ नका, मागच्या चार सत्रांचं वेळापत्रक वाचा. छोट्या विभागात वरचे विषय बरेचदा वर्षाआड असतात; प्राध्यापक रजेवर गेले की तेही हुकतात. अ‍ॅमहर्स्टला शेजारच्या कॉलेजांतले विषय घेता येतात, ही मोठीच सोय.

उत्तर ३: कार्लटनचं सत्र १० आठवड्यांचं. मागे पडलं तर सावरायला वेळ कमी!