लिथुआनियन रुग्णालयाच्या कागदांचे इंग्रजी भाषांतर : ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर)

माझे थोरले बंधू आपल्या लेकीकडे लिथुआनियातील कौनास शहरात गेले होते. तेथे अचानक छाती धडधडू लागल्याने त्यांना सहा दिवस रुग्णालयात राहावे लागले. आता ते नागपुरात परतले आहेत आणि धंतोलीतील ज्या डॉक्टरांकडे पुढील उपचार चालू आहेत, त्यांनी तेथील कागद इंग्रजीत करून मागितले आहेत. पुतणी तेथे वैद्यकीय शिक्षण घेते खरी, पण तिचा अभ्यासक्रम इंग्रजीत असल्याने रुग्णालयातील लिखित भाषा तिला अजून पुरती उमगत नाही.

मोबाईलवर भाषांतर करून पाहिले, तेव्हा तीन ठिकाणी आम्ही घाबरून गेलो. दादांना लहानपणी वारंवार ‘अँजायना’, म्हणजे हृदयविकाराने छातीत दुखणे, होत असे, असे त्यात लिहिले आहे. त्यांना एक रात्र ‘रिससिटेशन’ विभागात ठेवले होते असेही आहे. म्हणजे त्यांचे हृदय बंद पडले होते काय? निदानात ‘पीएएच’ ही अक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ शोधला, तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढण्याचा गंभीर आजार असा निघतो. वहिनींच्या घशाखाली त्या दिवसापासून घास उतरत नाही. या भाषेची माहिती असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (भाषांतरकार, पूर्वी विल्निअस येथे वास्तव्य)

सर्वप्रथम वहिनींना धीर द्या, कारण तुम्ही लिहिलेल्या तिन्ही शब्दांचे अर्थ बहुधा वेगळे आहेत.

लिथुआनियन भाषेत नुसत्या ‘आंगिना’ या शब्दाचा अर्थ टॉन्सिल्सचा दाह असा होतो. हृदयाच्या दुखण्यासाठी त्याआधी छातीचा उल्लेख यावा लागतो आणि ते ‘क्रूतिनेस आंगिना’ असे लिहितात. लहानपणी वारंवार होणारी आंगिना म्हणजे वारंवार सुजणारा घसा. इंग्रजीत तेथे टॉन्सिलायटिस असेच लिहावे. ‘रेआनिमात्सिया’ हे तेथे विभागाचे नाव आहे आणि आपण ज्याला आयसीयू म्हणतो तोच तो विभाग, त्यामुळे तेथे ठेवले होते एवढ्यावरून हृदय बंद पडले होते, असा निष्कर्ष निघत नाही. तसे खरोखर घडले असते, तर त्याची वेगळी सविस्तर नोंद मजकुरात सापडली असती.

‘पीएएच’ची गोष्ट अधिक जपून हाताळावी लागते. लिथुआनियन डॉक्टर ही अक्षरे ‘पिर्मिने आर्तेरिने हिपेर्तेन्झिया’ यासाठी, म्हणजे आपल्या नेहमीच्या उच्च रक्तदाबासाठी वापरतात. इंग्रजीत मात्र तीच अक्षरे फुप्फुसांच्या आजारासाठी रूढ आहेत, म्हणून भाषांतरात ती जशीच्या तशी ठेवणे हा गंभीर दोष ठरतो. खात्री करून घेण्यासाठी निदानाशेजारचा सांकेतिक क्रमांक पाहा. लिथुआनियात रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची ऑस्ट्रेलियात सुधारलेली आवृत्ती वापरतात आणि ‘टीएलके-१०-एएम’ या नावाखाली तिचे क्रमांक लिहिलेले असतात. तेथे आय-१० किंवा आय-११ असेल, तर तो उच्च रक्तदाब आहे. फुप्फुसांचा आजार आय-२७ खाली येतो. त्याचप्रमाणे टॉन्सिल्सचा तीव्र दाह जे-०३ आणि हृदयाची अँजायना आय-२०. शब्दाविषयी शंका असेल, तेथे मी आधी क्रमांकाकडे वळतो.

ही भाषा संस्कृतच्या दूरच्या नात्यातली आहे. दात म्हणजे ‘दांतिस’ आणि डोळा म्हणजे ‘आकिस’ हे पाहून आपल्याला आनंद होतो. मात्र वैद्यकीय कागदात घात होतो तो लॅटिन-ग्रीक मुळांच्या, इंग्रजीसारख्याच दिसणाऱ्या शब्दांमुळे. ‘एपिक्रिझे’ हे शीर्षकही तसेच आहे. त्याला इंग्रजीत डिस्चार्ज समरी म्हणावे, नाहीतर इथल्या डॉक्टरांना तो काही वेगळाच अहवाल वाटेल.

उत्तर २ (फिजिशियन, नागपूर)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे आणि वाचणाऱ्या डॉक्टरच्या बाजूने आकड्यांविषयी थोडे लिहिते, कारण माझ्या मते खरा धोका तेथे आहे. लिथुआनियात दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात. ‘आपिक्साबानस २,५’ म्हणजे अडीच मिलिग्रॅम अपिक्साबान. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा हा आकडा कोणी घाईत पंचवीस वाचला, तर काय होईल याची कल्पना करा. औषधांच्या नावांना जोडलेले ‘अस’ आणि ‘इस’ हे त्या भाषेतील प्रत्यय आहेत; ते काढले की ओळखीचे मूळ नाव उरते.

तपासण्यांची एककेही वेगळी असतात. तेथील ६,१ साखरेला १८ ने गुणले की आपल्याकडचे सुमारे ११० मिळतात, मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या ९७ क्रिएटिनिनला ८८.४ ने भागले की सुमारे १.१ येतात आणि १४१ हिमोग्लोबिन म्हणजे आपले १४.१. तरीही भाषांतरात मूळ आकडा आणि मूळ एककच ठेवावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. रूपांतर आम्ही करू शकतो. भाषांतरकाराने केलेल्या गणितात चूक राहिली, तर ती आम्हाला दिसणार नाही. मूळ लिथुआनियन प्रतही सोबत अवश्य आणावी.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. ‘पीएएच’शेजारी आय-११ हा क्रमांक सापडला. आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली की दादांचे टॉन्सिल्स दहाव्या वर्षी नागपूरच्या मेयो रुग्णालयात काढले होते आणि त्याआधी दर हिवाळ्यात त्याचा घसा धरत असे. वहिनी आज पोटभर जेवल्या. आता एकच शंका उरली आहे : हृदय, फुप्फुसे आणि पोट या तिन्हींपुढे ‘बे इपातुमू’ असे लिहिले असून मोबाईल त्याचे ‘वैशिष्ट्यांविना’ असे भाषांतर करतो.

उत्तर १

तपासणीत तेथे काहीही वावगे आढळले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. इंग्रजीत ‘अनरिमार्केबल’ लिहा.