समोरचा बॉट असला तरी डाव खराच

यंत्राशी घासाघीस करून काही शिकता येत नाही, कारण ते सरळ हिशेब करतं, माणसासारखं आडून बोलत नाही, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. फेसबुकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये बॉटना (म्हणजे संवाद करणाऱ्या संगणक प्रोग्रामना) वाटाघाटी शिकवल्या, तो प्रयोग बघा. दोघांनी पुस्तकं, टोप्या आणि चेंडू वाटून घ्यायचे. प्रत्येकाच्या लेखी सगळ्या वस्तूंची मिळून किंमत १० गुण, पण कुठल्या वस्तूला किती गुण ते दोघांना वेगवेगळं, आणि समोरच्याचे गुण दिसत नाहीत. त्यात बॉट आपसूक एक डाव शिकला: नको असलेली वस्तू हवीच म्हणून धरून बसायचं आणि शेवटी उपकार केल्यासारखी सोडायची! पगाराच्या बोलणीत हाच डाव कितीदा खेळला जातो.

एक गोष्ट मात्र माणसाबरोबर होतच नाही. बॉटबरोबरच्या अशा सरावात खेळ संपल्यावर समोरच्याचे गुण उघड करून बघता येतात. टोपीला त्याच्याकडे शून्य होता आणि आपण तिच्यासाठी दोन पुस्तकं सोडली, हे समोर दिसतं. खऱ्या बोलणीनंतर एचआर आपलं बजेट कधी दाखवतो का? सरावासाठी मला हे फार मोलाचं वाटतं.