प्रयोगशाळेतली वही

शाळेनं चांगलं सॉफ्टवेअर घेतलं की शिक्षकांचं ज्ञान आपोआप जतन होतं, असं म्हणतात, पण मला ते पटत नाही. मी नाशिकच्या एका शाळेत २२ वर्षं विज्ञान शिकवते आहे. आमचे एक ज्येष्ठ सर निवृत्त झाले, आणि महिनाभरानं जुनं कपाट रद्दीत काढताना त्यांची २०० पानी वही निघाली. आठवीची मुलं कुठल्या आकृतीत हमखास चुकतात, कुठला प्रयोग पावसाळ्यात घेऊ नये (स्थिर विद्युतचा, हवा दमट, कागदाचे कपटे उचललेच जात नाहीत), सगळं पेन्सिलीनं टिपलेलं. शिपाईमामांनी ती बाजूला ठेवली म्हणून वाचली. आता नवीन मॅडम तीच उघडून तास घेतात.

विद्यापीठांत निदान नियम तरी आला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमानंतर पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर येऊ लागले, घरबसल्या वाचता येतात. आपल्या नाशिकजवळच्या गोवर्धनच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात तर शिक्षक समोर नसणार हे धरूनच पुस्तकं लिहून घेतात. शाळेतल्या शिक्षकाला मात्र कुणी विचारतच नाही, की बाई, तुम्हाला काय काय उमगलंय?

आम्ही आता शनिवारी शाळा सुटायच्या आधी अर्धा तास बसतो. आठवड्यात वर्गात काय फसलं ते एकेकानं सांगायचं, एकानं लिहायचं. आधी हे दोनदा बंद पडलं होतं. मुख्याध्यापिकांनी तो अर्धा तास वेळापत्रकातच धरला, तेव्हा कुठे टिकलं.